नागपुरात राहून फ्लामेंको: आधी टाळी, मग गाणं, मग पाय

फ्लामेंको, म्हणजे दक्षिण स्पेनमधली गाणं, गिटार आणि नाचाची कला, शिकायचं ठरलं की बहुतेकजण आधी बूट शोधायला लागतात. बूट थांबू शकतात. स्पेनमधल्या हितानो, म्हणजे जिप्सी घरांत मूल आधी वर्गात जाऊन नाच शिकत नाही. बारसं असो, लग्न असो, नाताळ असो, घरची माणसं गोल बसतात, एक जण गातो, बाकीचे टाळी देतात. मूल त्यातच लहानाचं मोठं होतं आणि आकडे मोजता येण्याआधीच तालाचं चक्र त्याच्या अंगात बसतं. नर्तकी कारमेन आमाया बार्सिलोनाच्या सोमोरोस्त्रो या समुद्रकाठच्या झोपडवस्तीत वाढली आणि लहानपणीच गिटार वाजवणाऱ्या वडिलांबरोबर गुत्त्यांत नाचू लागली. सेव्हिया शहरातला नर्तक फारुकितो घडला तो आजोबा फारुको यांच्या हाताखाली, घरातच. नागपूरच्या धरमपेठेत किंवा महाल भागात वाढलेल्याला तसं घर मिळत नाही. म्हणून ते घर जे देतं ते त्याच क्रमानं आपलं आपण उभं करायचं: टाळी, गाणं, अंग आणि सगळ्यात शेवटी पाय.

टाळी

या तालचक्राला कोंपास म्हणतात. सुरुवात तांगोसपासून करा. चार मात्रांचं चक्र आहे, केहरवा ऐकून मोठं झालेल्या कानाला परकं वाटत नाही. पहिल्या मात्रेला फक्त पाय आपटायचा, टाळी २, ३, ४ वर. आठवडाभर रोज १५ मिनिटं एवढंच करा. पहिल्या मात्रेवर टाळी द्यायचा मोह आवरता आला की पुढे जा.

खरा मामला १२ मात्रांचा आहे. सोलेआ या संथ प्रकारात वजन ३, ६, ८, १०, १२ या मात्रांवर पडतं. एकताल-चौताल शिकलेल्याला १२ मात्रा नव्या नाहीत, पण दोन-दोनचे सहा समान भाग करायची सवय इथे नडते. फ्लामेंकोतली विभागणी असमान आहे: तीन, तीन, दोन, दोन, दोन. पढंत, म्हणजे तालाचे बोल तोंडानं म्हणणं, येत असेल तर बोलांत बसवा:

तकिट तकिट तक तक तक

प्रत्येक गटाच्या पहिल्या अक्षरावर टाळी. ही झाली बुलेरिया. मोजणी १२ पासून सुरू होते आणि वजन १२, ३, ६, ८, १० वर येतं. हेच चक्र आठव्या मात्रेपासून धरलं की सिगिरिया होते: तक तक तकिट तकिट तक. सोलेआत तेच चक्र १ पासून मोजतात, त्यामुळे वजन गटाच्या सुरुवातीला न येता शेवटी येतं. तिन्ही एकाच चाकाच्या जागा आहेत हे हातात उतरायला सहा-आठ आठवडे लागतात. रोज २० मिनिटं द्या, मेट्रोनोम (ठरल्या लयीत टकटक करणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा आणि महिनाभर तो वाढवू नका. बुलेरिया प्रत्यक्षात मिनिटाला २०० मात्रांच्या वर जाते, पण घाईनं तिथे पोचलेल्याची आठवी मात्रा हमखास गळते.

मराठीत मोजताना ‘अकरा’ आणि ‘बारा’ जिभेवर रेंगाळतात आणि चक्र तिथे ढिलं पडतं. दहानंतर ‘एक, दोन’ म्हणा आणि पुन्हा एकपासून सुरू करा. स्पॅनिश वर्गांतही असंच मोजलेलं ऐकू येईल.

टाळीचे दोन आवाज आहेत. खुली टाळी: डावा तळहात किंचित खोलगट, त्यावर उजव्या हाताची तीन बोटं, आवाज टणक. मुकी टाळी: दोन्ही तळवे खोलगट करून एकमेकांवर, आवाज जाड आणि बसका. गायक गात असताना मुकी, पायांचं काम सुरू झालं की खुली. गाण्यावर खुली टाळी वाजवणं हा तिथे सरळ उद्धटपणा मानतात. पुढची पायरी जोडीची: एकानं मात्रेवर टाळी द्यायची, दुसऱ्यानं दोन मात्रांच्या बरोबर मध्ये. यासाठी नागपुरात दुसरा माणूस मिळवाच. नाच येत नसला तरी चालेल. तबला शिकणारा कॉलेजातला मुलगाही हे महिनाभरात धरतो, आणि पुढे कार्यक्रमाला तोच कामी येतो.

गाणं

नाच गाण्याच्या मागे चालतो. हे नीट समजलं नाही तर पुढची सगळी मेहनत कवायत होते. रोज एक सोलेआ ऐका, नाचाशिवाय, डोळे मिटून, हातानं मुकी टाळी धरून. गाण्याचं कडवं तीन किंवा चार ओळींचं असतं. ओळ कुठे संपते, गायक श्वास कुठे घेतो, शेवटची ओळ पुन्हा कशी घेतो, हे वहीत चक्रांच्या हिशेबानं लिहून काढा. एकाच प्रकारची दहा वेगवेगळी कडवी अशी लिहिली की साचा दिसायला लागतो. शब्दांचा अर्थही काढा. तुरुंग, आई, मरण, भूक, लोहारकाम हे विषय वारंवार येतात, आणि त्यामागे खरा इतिहास आहे. स्पेनच्या कागदपत्रांत हितानो लोकांची नोंद १४२५ पासून सापडते. १७४९ मध्ये राजा सहावा फर्नांदो याच्या हुकमानं हजारो हितानो स्त्री-पुरुषांना एकाच वेळी पकडून कैदेत आणि सक्तमजुरीला धाडलं गेलं. मारियो माया या हितानो नर्तकानं १९७६ मध्ये या छळावरच ‘कामेलामोस नाकेरार’ हा प्रयोग रंगमंचावर आणला. हे ठाऊक असलेला माणूस सोलेआत उगाच हसत नाही.

अंग आणि हात

कथकवाल्यांना तालाच्या बाबतीत मोठा फायदा आहे, अंगाच्या बाबतीत मात्र चार सवयी मोडाव्या लागतात.

पहिली सवय समेची. एकावर येऊन थांबायचं हे वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं असतं. सोलेआत एक ही हलकी मात्रा आहे. तुकडा बंद होतो १० वर, आणि ११-१२ श्वासासाठी मोकळ्या राहतात. तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर संपवायचा तुकडा, जशीच्या तशी आणून एकावर आपटली की गिटारवाला गोंधळतो, कारण त्याच्या कानाला तुकडा तीन मात्रा आधीच संपायला हवा होता. रोज पाच मिनिटं फक्त हे करा: नऊ मात्रा साधं चालायचं, दहाव्यावर पूर्ण पाऊल आपटून थांबायचं, ११-१२ स्थिर.

दुसरी सवय गुडघ्यांची. कथकमध्ये पाय सरळ असतात. इथे गुडघे कायम थोडे सैल, वजन खाली, पण छाती वर उचललेली. डोक्यावर पुस्तक ठेवून पायकाम करा. पुस्तक वरखाली होत असेल तर आघात कमरेतून येतोय. तो गुडघ्याखालून यायला हवा. तिसरी सवय चक्कर टाचेवर घेण्याची. बुटाच्या टाचेला खिळे असतात, त्यावर फिरलात की पाय सटकतो. इथल्या गिरक्या चवड्यावर घ्यायच्या. चौथी सवय चेहऱ्यानं भाव सांगण्याची. इथे चेहऱ्यानं गोष्ट सांगायची नसते. तो गाणं ऐकत असतो.

हातांसाठी आरशासमोर उभे राहून कोपर उचललेलं आहे ना ते पाहा. थकवा आला की सगळ्यात आधी कोपर पडतं आणि पूर्ण आकृती मरगळते. मनगटाच्या बाहेरच्या फिरकीत करंगळी पुढे जाते आणि बाकीची बोटं एकामागून एक उघडतात. मुद्रा धरायची नाही, बोटं कुठेच अडकता कामा नयेत. खांदे खाली. एका दिशेला २० फिरक्या, मग दुसऱ्या दिशेला २०, दोन्ही अतिसंथ.

तक्ता

नागपुरातल्या घरांत मोझॅक, कोटा किंवा व्हिट्रिफाइड टाइल असते. त्यावर थेट पायकाम करू नये. खाली सिमेंटचा स्लॅब असल्यानं आघात सगळा नडगीत आणि टाचेत परत येतो. दोन-तीन आठवड्यांत नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागतं, आणि टाइल तडकते ते वेगळंच.

नाचायच्या तक्त्यासाठी १८ मिमी जाडीचा, पाणी सोसणाऱ्या प्रतीचा ८ बाय ४ फुटांचा प्लायवुड घ्या आणि सुताराकडून मधोमध कापून ४ बाय ४ चे दोन तुकडे करून घ्या. सरावाला एक पुरतो, कार्यक्रमाला दोन जोडायचे. खाली १० ते १२ मिमी जाडीची रबरी मॅट. सुतार खाली पट्ट्या ठोकायचं सुचवेल. तसं केलं तर पट्ट्यांमधलं अंतर एक फुटापेक्षा जास्त नको, नाहीतर मधला भाग ढोलासारखा घुमतो आणि चवड्याचा बारीक आवाज त्यात बुडतो. वरून पॉलिश, सनमायका काहीही नको, पाय घसरतो. चारही कडांना मात्र वार्निशचे दोन हात द्या. पावसाळ्यात ओल कडांतूनच शिरते आणि थर सुटतात. उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर तक्ता ठेवला तर तीच गत होते. खिळ्यांनी एक बाजू खरवडली गेली की तक्ता उलटा करा.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर रबर असूनही आवाज स्लॅबमधून खालच्यांच्या डोक्यात जातो. वेळ आधी ठरवून घ्या, सांगून करा. तळमजल्यावरची पार्किंगची जागा किंवा कथकच्या वर्गाची रिकामी वेळ हा जास्त टिकाऊ उपाय आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास असताना सराव सकाळी ६ ते ८ मध्येच उरका. घामानं बुटाचं चामडं आतून भिजतं, म्हणून सराव झाल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा. उन्हात ठेवलेलं चामडं कडक होऊन चवड्याच्या घडीवर चिरतं.

बूट

टाळी चक्रातून सुटत नाही आणि बुटांशिवायचं पायकाम स्वच्छ आहे, असं झालं की बूट घ्या. नाचाच्या बुटाची टाच ५ ते ६ सेंटिमीटर उंच, रुंद आणि भरीव असते. तळवा चामड्याचा. टाचेच्या बुडाला आणि चवड्याच्या पुढच्या भागाला खाली बारीक खिळे एकमेकांना खेटून ठोकलेले असतात, तोच आवाज. टॅपनृत्याच्या पत्र्या लावू नका. त्यांचा आवाज वेगळा आणि त्या फ्लामेंकोच्या तक्त्यावर घसरतात.

स्पेनमधल्या कारागिरांकडून मागवलेला जोड १०० युरोच्या वर जातो, शिवाय टपाल आणि सीमाशुल्क. तरी पहिला जोड मागवलेलाच बरा. तो पायात असला की वजन कुठे पडायला हवं ते पायाला कळतं. माप संध्याकाळी घ्या, दिवसभराच्या उष्म्यानं पाऊल फुगलेलं असतं. कागदावर दोन्ही पावलांची आकृती काढून लांबी आणि चवड्याचा घेर लिहून पाठवा. अंगठ्यापुढे जागा ठेवायची नाही. सैल बुटात पाऊल पुढे सरकतं आणि टाचेचा ठोका मात्रेमागे पडतो.

सरावाचा दुसरा जोड नागपुरात चांभाराकडून करून घेता येतो. जुना, चामडी तळव्याचा, भरीव लाकडी टाचेचा बूट लागेल. पार्टीला घालायच्या सँडलच्या टाचा आतून पोकळ प्लास्टिकच्या असतात, पहिल्याच आठवड्यात फुटतात. चांभाराच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, यांची लांबी आधी तळव्याच्या जाडीशी ताडून बघा. चूक लांब पडली तर टोक आतून पायात घुसतं. ठोकून झाल्यावर आतून बोट फिरवून तपासा. दर आठवड्याला एखादी चूक सुटतेच, आणि अर्धवट बाहेर आलेल्या चुकेनं गिरकीत पाय अडकतो.

सरावाच्या घागऱ्यासाठी शिंप्याला सहा किंवा आठ कळ्यांचा, मांडीपर्यंत अंगाला बसलेला आणि तिथून खाली खुलणारा शिवायला सांगा. जाडसर सुती कापड घ्या. लांबी बूट घालून मोजा, घोट्यापर्यंतच. त्याखाली गेला तर टाचेत अडकतो. लांब शेपटीचा झगा ही वेगळी विद्या आहे, पहिली दोन-तीन वर्षं विसरा.

पायकाम

ठोके मुळात चार. गोल्पे, म्हणजे पूर्ण पाऊल. प्लांता, चवडा. ताकोन, चवडा टेकलेला ठेवून टाच. पुंता, पाय मागे नेऊन अंगठ्याचं टोक. चारही आवाज डोळे मिटून वेगळे ओळखू येईपर्यंत जोडकाम करू नका.

मग रोज या क्रमानं: १० मिनिटं घोटे, पोटऱ्या, कंबर मोकळी करणं, पाच मिनिटं एकेक गोल्पे, उजवा-डावा, पाच मिनिटं त्याच पायाचा प्लांता-ताकोन, मग दुसऱ्या पायाचा, त्यानंतर तीन ठोक्यांचं काम, उजवा प्लांता, उजवा ताकोन, डावा ताकोन, आणि पुढच्या वेळी डाव्यापासून. प्रत्येक मात्रेला तीन ठोके, मेट्रोनोम ६० वर. १२ मात्रांचं चक्र दहा वेळा न अडखळता झालं तरच चारनं वाढवा. डावा पाय मागे पडतो. बहुतेकांचा पडतो. त्याला दुप्पट वेळ द्या. सगळं मिळून ४० मिनिटांपेक्षा जास्त पायकाम पहिल्या वर्षी नको, आणि आठवड्यातून दोन दिवस पायांना पूर्ण सुटी. नडगीत किंवा टाचेखाली सकाळी उठल्यावर दुखत असेल तर सुटी वाढवा, बर्फ लावा. आठवड्यात उतरलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

कारमेन आमाया पँट घालून, पुरुषांच्या वेगानं पायकाम करायची, त्याची मोहिनी आजही सगळ्यांना आहे. तिचं चित्रण बघताना वेगाकडे थोडं दुर्लक्ष करा आणि ती कुठे थांबते ते टिपा.

शिक्षक ऑनलाइन असेल तर एक अडचण सुटत नाही: आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांनी एकत्र टाळी देता येत नाही. तुमचा माइक बंद ठेवून त्यांच्या टाळीवर नाचा, आणि स्वतःचं चित्रण वेगळं पाठवा. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, एकदा बाजूनं, एकदा समोरून. स्पेन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे आहे, तेव्हा नागपूरची रात्री आठची वेळ त्यांना दुपारनंतर सोयीची पडते.

नाच बांधणं आणि मंचावर नेणं

पहिला पूर्ण नाच तांगोसचा, दुसरा सोलेआ किंवा आलेग्रियास, म्हणजे १२ मात्रांचाच पण आनंदी प्रकार. बुलेरिया सगळ्यांत शेवटी, ती दिसते खेळकर पण चूक लपवू देत नाही. नाचाचा सांगाडा असा: प्रवेश, मग यामादा, म्हणजे ‘आता गा’ असा गायकाला पायांनी दिलेला इशारा, कडवं, ज्यात फक्त चाल आणि हात, ओळींच्या मध्ये पायांचा छोटा तुकडा, पुन्हा यामादा, दुसरं कडवं, मग एस्कोबिया, म्हणजे पायकामाचा लांब भाग, लय हळूहळू चढवत, आणि बुलेरियावर निरोप. पहिला नाच सात मिनिटांच्या आत ठेवा.

हा सांगाडा जिवंत वादकांसाठी आहे. रेकॉर्डिंग तुमच्या इशाऱ्याला उत्तर देत नाही. पूर्ण गिटारवादक मिळत नसेल तर दोन टाळीवाले आणि एक काखोन बसवा. हा पेरू देशातला, हातानं वाजवायचा लाकडी खोका १९७० च्या दशकात गिटारवादक पाको दे लुसियानं फ्लामेंकोत आणला. नागपुरातले गिटारवाले बहुधा चार मात्रांत वाढलेले असतात. त्यांना आधी महिनाभर फक्त टाळी शिकवा, मग गिटार हातात द्या.

सुरेश भट सभागृह असो की वसंतराव देशपांडे सभागृह, व्यवस्थापकाला आधी सांगा की गालिचा काढावा लागेल आणि मंचावर तुमचा तक्ता येईल. तक्त्याच्या कडेला सपाट माइक लावा. वर टांगलेल्या माइकला पायाचा आवाज पोचत नाही. तक्ते एकमेकांना खालून पट्टीनं जोडा, फटीत टाच गेली तर घोटा मुरगळतो. ध्वनिचाचणीत गिटार तुम्हाला ऐकू येतेय का तेवढंच आधी बघा.

पत्रिकेवर ‘फ्लामेंको राजस्थानातून आला’ किंवा ‘कथकची बहीण’ असं छापायचा आग्रह होईल. मान्य करू नका. रोमा, म्हणजे जिप्सी लोकांचे (हितानो त्यांतलेच) पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध आहे. फ्लामेंको मात्र दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात, मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, हितानो आणि तिथल्या इतर लोकांच्या सहवासातून घडला. त्यांनी तिथे सोसून घडवलेली गोष्ट आपल्या नावावर लावणं बरोबर नाही.

स्पेनला जायचं तर

दोन वर्षं नियमित सराव झाल्यावर जा. हेरेस या आंदालुसियातल्या शहराचा फ्लामेंको महोत्सव फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असतो आणि त्यात पातळीनुसार वर्ग असतात. सेव्हियात आणि माद्रिदमध्ये वर्षभर शाळा चालतात. ऑगस्टमध्ये बरेच वर्ग बंद असतात. ९० दिवसांपर्यंत शेंगेन व्हिसा पुरतो. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा लागतो, पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे तीन महिने हवी, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, तेव्हा मुंबईची फेरी हिशेबात धरा.

बूट मोठ्या सामानात टाका, खिळ्यांमुळे हातातल्या बॅगेची तपासणी लांबते. वर्गात उभं राहायची जागा मागची. जुने विद्यार्थी पुढे असतात. चित्रण करण्याआधी विचारा. बरेच शिक्षक फक्त तासाच्या शेवटी, त्या दिवसाचा तुकडा एकदा करून दाखवताना परवानगी देतात, आणि ते चित्रण इतरत्र टाकलेलं त्यांना चालत नाही.